झिरकॉन कुठून विरघळतो : प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी करून कोल्हापूरहून परत आले. येताना बाबांच्या फाउंड्रीतून डबाभर झिरकॉन या खनिजाचं पीठ आणलं. साच्याला आतून वॉश मारतात, त्यातलं. वितळलेली धातू साच्याच्या वाळूला चिकटू नये म्हणून हा लेप देतात. बाबांना विचारलं, "एवढ्या तापात याला काहीच होत नाही?" ते म्हणाले, "अगं, काही होत नाही म्हणून तर एवढे पैसे मोजतो."

भूशास्त्रातही झिरकॉनवर असाच भरवसा ठेवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये मिळालेला झिरकॉनचा कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. तो ज्या खडकात जन्मला तो खडक केव्हाच नाहीसा झाला. कण मात्र सुटला, नदीतून वाहत गेला, दुसऱ्या खडकात अडकला आणि आजवर शाबूत राहिला.

आमच्या प्रकल्पाचा प्रश्न याच भरवशाबद्दल आहे. झिरकॉन म्हणजे झिरकोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. स्फटिक वाढत असताना झिरकोनियमच्या काही जागांवर युरेनियम आणि थोरियम बसतात. शिशाला मात्र तिथे सहसा जागा मिळत नाही. म्हणून आज आत सापडणारं शिसं जवळजवळ सगळं युरेनियम-थोरियमच्या क्षयातून, म्हणजे त्यांचे अणू आपोआप बदलत शिसं होण्यातून, आलेलं, असं धरून वय काढता येतं. पण तोच क्षय कोट्यवधी वर्षं स्फटिकाची आतली मांडणी मोडत असतो. मांडणी किती मोडली की झिरकॉन आम्लात विरघळायला लागतो, आणि कण विरघळताना कुठून सुरुवात होते, हे मला बघायचंय.

११ नोव्हेंबर

दगड आले. तिन्ही श्रीलंकेतले, रत्नपुरा भागात रत्नं सापडतात त्या खडीतून निघालेले, पैलू न पाडलेले. खडीच्या त्या थराला तिकडे 'इल्लम' म्हणतात. नमुन्यांना नुसते आकडे दिले तर माझा गोंधळ होतो, म्हणून नावं ठेवली. पहिला पिवळसर आणि आरपार दिसणारा, त्याचं नाव मध. दुसरा गडद तपकिरी, तो काढा. तिसरा हिरवा, मळकट, उजेडासमोर धरला तर कडेला थोडासा पाझरतो. तो शेवाळ.

दुपारभर घनता काढली. दगड हवेत तोलायचा, मग बारीक नायलॉनच्या दोऱ्याला टांगून पाण्यात तोलायचा. सोपं वाटतं, पण शेवाळच्या एका खाचेत हवेचा बुडबुडा अडकून बसला आणि आकडा सारखा हलायला लागला. पाणी उकळून गार केलं, दगड त्यात बुडवून रात्रभर ठेवला, तेव्हा बुडबुडा सुटला. आलेले आकडे: मध ४.६७, काढा ४.४५, शेवाळ ४.०१.

चांगल्या स्फटिकी झिरकॉनची घनता ४.७ च्या आसपास असते, म्हणजे मध जवळजवळ धडधाकट. शेवाळ मात्र फुगलेला आहे. आतली मांडणी पूर्ण मोडली की तेवढ्याच वस्तुमानाचा झिरकॉन सुमारे १८ टक्के जास्त जागा व्यापतो. अशा मोडलेल्या खनिजाला मेटामिक्ट म्हणतात. हा शब्द नॉर्वेच्या ब्रॉगर यांनी १८९३ साली दिला, तेव्हा किरणोत्सर्गाचा शोधही लागला नव्हता. बाहेरून स्फटिकाचा आकार आणि आतून काचेसारखी अवस्था, एवढंच त्यांना दिसत होतं.

१९ नोव्हेंबर

आज रामन यंत्रावर बसले. त्यात दगडावर लेसर टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून आतल्या अणूंची कंपनं कळतात. झिरकॉनची खूण म्हणजे १००८ प्रति सेंटिमीटरजवळचं उंच पीक, म्हणजे आलेखातलं शिखर. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, त्यांच्या ताणल्या जाण्याचं ते कंपन. चांगल्या झिरकॉनमध्ये हे पीक सुईसारखं असतं, रुंदी दोनपेक्षाही कमी. मांडणी बिघडत जाते तसं ते रुंद होतं, बसकं होतं आणि डावीकडे सरकतं.

मधची रुंदी साडेतीनच्या जवळ आली, काढ्याची १६. शेवाळमध्ये पीक म्हणण्यासारखं काही नव्हतंच. एक पसरट उंचवटा होता आणि त्याच्या टोकाशी किंचित टेकाड. प्रकल्पाच्या मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते टेकाड नीट बघ. अजून थोडा स्फटिक शिल्लक आहे त्यात. बेटांसारखा." मग शेवाळवर बारा ठिकाणी मोजणी केली. दहा ठिकाणी टेकाड दिसलं, दोन ठिकाणी नाही. एकाच दगडात सगळीकडे सारखं नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

३ डिसेंबर

युरेनियमचे आकडे आले. मध २००, काढा १,६००, शेवाळ ४,१०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास. थोरियम तिन्हींत साधारण निम्मं. श्रीलंकेच्या या झिरकॉनांचं वय ५५ कोटी वर्षांच्या आगेमागे धरतात. दक्षिण भारत, श्रीलंका, मादागास्कर हे भूभाग गोंडवना या प्राचीन महाखंडात एकमेकांना चिकटत होते, तो हा काळ.

आता हिशोब. युरेनियम-२३८ चा एक अणू शिशापर्यंत पोचेतो आठ अल्फा कण (हेलियमची केंद्रकं) बाहेर पडतात, युरेनियम-२३५ चे सात, थोरियम-२३२ चे सहा. वय आणि प्रमाण ठाऊक असलं की दर ग्रॅममागे एकूण किती अल्फा-क्षय झाले ते निघतं. आकडा इतका मोठा येतो की दहाच्या घातांशिवाय लिहिता येत नाही. मी वेगळी सोय केली. आजी पाढ्यांबरोबर एकं, दहं, शतं म्हणायला लावायची. अब्ज, खर्व, निखर्व करत ते शेवटी परार्धावर थांबायचं. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. हे माप इथे अगदी चपखल बसतं. हजार पीपीएम युरेनियम आणि पाचशे पीपीएम थोरियम असलेल्या झिरकॉनमध्ये ५५ कोटी वर्षांत दर ग्रॅमला सुमारे २१ परार्ध अल्फा-क्षय होतात. त्या प्रमाणात मधला ४, काढ्याला ३४, शेवाळला ८६. लहानपणी नुसतं घोकलेलं परार्ध इतक्या वर्षांनी खरोखर मोजायला वापरलं, याचा दिवसभर आनंद होता.

या खनिजाच्या नुकसानीचे तीन टप्पे १९९१ साली मुराकामी, युइंग आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेच्याच झिरकॉनांवरून मांडले. ३० परार्धांपर्यंत स्फटिकात विखुरलेले दोष असतात. ३० ते ८० मध्ये स्फटिक आणि मोडलेले भाग शेजारी शेजारी नांदतात. ८० च्या पुढे जवळजवळ सगळंच मोडलेलं. आमचे तीन दगड तीन टप्प्यांत पडले. मुद्दाम तसे निवडायचा प्रयत्न होता, पण इतके नेमके पडतील असं वाटलं नव्हतं.

मोडतोड होते कशी, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. क्षय झाला की अल्फा कण बाहेर सुटतो आणि दहा-वीस मायक्रोमीटर लांब जातो. त्याची बरीचशी ऊर्जा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांवर खर्च होते. तो अगदी थांबता थांबता काही अणू जागचे हलवतो. पण बंदूक उडाली की दस्ता मागे खांद्यावर बसतो, तसा उरलेला जड अणू उलट्या दिशेने ढकलला जातो. तो जेमतेम वीस-तीस नॅनोमीटर सरकतो, पण तेवढ्यात शेकडो ते हजारो अणू जागेवरून उठवतो. खरी मोडतोड या दणक्याची. एक दणका म्हणजे मोडलेल्या जागेचं एक पुंजकं. पुंजकी वाढतात आणि एकमेकांना भिडतात. साधारण तीस टक्के भाग मोडला की ती सलग जोडली जातात, म्हणजे कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोडलेल्या भागातून वाट तयार होते. पाणी किंवा आम्ल आत शिरायचं तर ही वाट महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट. श्रीलंकेच्या झिरकॉनांत हिशोबाने व्हायला हवं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच नुकसान टिकून राहिलेलं दिसतं. बाकीचं जमिनीखालच्या उष्णतेने बरं झालं. म्हणजे डोस (वर काढलेला अल्फा-क्षयांचा आकडा) हा फक्त बसलेल्या दणक्यांचा हिशोब. त्यातले किती व्रण उरलेत ते रामनच सांगतं.

१२ डिसेंबर

आत्याची अंगठी. तिला कोणीतरी गोमेद घालायला सांगितला होता, तीसेक वर्षांपूर्वी. खड्याच्या कडा झिजल्यात, बदलून घेऊ का, म्हणून मला दाखवायला दिली. खरा गोमेद म्हणजे हेसोनाइट, गार्नेट कुळातला. दहा पटींचं भिंग लावून वरच्या पैलूतून तळाच्या कडा पाहिल्या, तर प्रत्येक कड दुहेरी. गार्नेटमध्ये असं होत नाही. झिरकॉन प्रकाश दोन वाटांनी फोडतो, म्हणून त्यात तळाच्या रेघा जोडीने दिसतात. रामनवर ठेवली तर १००८, रुंदी सातच्या आसपास.

आत्याला फोन केला. "म्हणजे खोटा निघाला का गं?"

"खोटा नाही आत्या, दुसरा आहे. झिरकॉन आहे, खाणीतला, खरा."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तीस वर्षं सोबत केलीय त्याने. असू दे तोच."

झिजलेल्या कडांकडे बराच वेळ बघत बसले. झिरकॉन कठीण असतो पण ठिसूळ, कडांचे बारीक टवके उडतात. आम्लाला दाद न देणारी वस्तू बोटावर मात्र झिजते. टिकाऊ म्हणताना कशापुढे टिकाऊ, हे प्रत्येक वेळी सांगायला हवं.

६ जानेवारी २०२५

आज पहिल्यांदा हायड्रोफ्लोरिक आम्ल (एचएफ). लॅबमधले काका सकाळपासून सोबत होते. त्यांचा नियम असा की एचएफच्या टेबलापाशी एकट्याने उभं राहायचं नाही, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब हाताशी, झाकण सैल करून ठेवायची. हे आम्ल कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि तेच भयंकर. ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढतं. दोन जोड हातमोजे, तोंडावर ढाल, रबरी एप्रन. काकांनी माझ्या मनगटापाशी हातमोज्याची कड ओढून बाहीखाली सारली आणि मगच बाटली उघडू दिली.

तिन्ही दगडांचे तुकडे कुटून, चाळून, सारख्या आकाराचे कण घेतलेत. अॅसिटोनने धुतले, वाळवले, तोलले. प्रत्येकी वीस मिलिग्रॅम. पीएफए प्लास्टिकच्या छोट्या डब्या, बाहेरून स्टीलचं जाड कवच, १८० अंशांवर बारा तास. ओव्हन संध्याकाळी सहाला लावला.

१६ जानेवारी

तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तोच क्रम. मधच्या वजनात अगदी थोडी घट. काढ्याचं निम्म्याहून काहीसं कमी वजन गेलं. शेवाळच्या डबीत तळाला पांढरट पापुद्रा, बाकी काही नाही. फाउंड्रीत ज्याच्या भरवशावर बाबा तापलेली धातू ओततात ते हेच खनिज. बारा तासांत नाहीसं झालं.

पण माझं लक्ष काढ्यावर आहे. विरघळून उरलेले त्याचे कण पुन्हा रामनवर ठेवले. आधी रुंदी १६ होती, आता १० ते १२. उरलेला काढा मूळ काढ्यापेक्षा चांगला स्फटिक आहे! आम्लाने जास्त मोडलेले भाग वेचून खाल्ले आणि धडके भाग मागे ठेवले.

युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढणारे हाच गुण वापरतात. मॅटिन्सन यांनी २००५ साली मांडलेली पद्धत अशी: आधी झिरकॉन भट्टीत तापवायचा, मग एचएफमध्ये अर्धवट विरघळवायचा. ज्या भागांतून शिसं निसटलेलं असतं ते भाग आधी निघून जातात, आणि उरलेला कण खरं वय सांगतो. त्याआधी कणांची बाहेरची कड हवेच्या झोतात घासून काढायचे. पण मोडलेला भाग नेहमी कडेलाच असतो असं नाही. आम्ल त्याला आतूनही शोधून काढतं.

यावरून जॅक हिल्सबद्दल एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपण म्हणतो झिरकॉन ४४० कोटी वर्षं टिकतो. पण टिकलेत तेच आपल्या हाती येतात. ज्यांच्यात युरेनियम भरपूर होतं ते फुगले, तडकले, वाटेत कुठेतरी पाण्यात विरले किंवा दगडांत भरडले गेले. वाळूत पोचले ते बव्हंशी कमी युरेनियमवाले. त्यांच्याकडे बघून सगळ्या झिरकॉनचा टिकाऊपणा ठरवणं म्हणजे गावातल्या नव्वदीच्या म्हाताऱ्यांना भेटून गावाचं सरासरी आयुष्य काढण्यासारखं आहे. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहवालात लिही, पण एचएफचा आकडा पुढे करू नकोस. जमिनीत एचएफ वाहत नाही." बरोबर आहे. क्रमाबद्दल बोलायचं, वेगाबद्दल नाही.

३ फेब्रुवारी

मोठी चूक झाली, माझ्याच हातून.

तिन्ही नमुने भट्टीत तापवायचे होते. प्रत्येकी दोन, एक ९०० अंशांना, एक १,००० ला, दोन दिवस. एकूण सहा मुशी. मुशींवर नावं साध्या मार्करने लिहिली. भट्टी उघडली तेव्हा सहाही मुशी कोऱ्या, शाई जळून गेलेली. आत सहा चिमटी पांढरट पूड. ९०० वाल्या तीन कोणत्या आणि १,००० वाल्या कोणत्या एवढं कळत होतं, कारण त्या वेगवेगळ्या दिवशी काढल्या. पण तिन्हींत मध कोणता, काढा कोणता, शेवाळ कोणता, ते कळेना. दोन आठवड्यांची मेहनत होती. बाबांना फोनवर सांगितलं तर ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पॅटर्नवर नंबर कोरतात. शाईने कोण लिहितं?"

७ फेब्रुवारी

प्रत्येक मुशीतून काही कण उचलून रामनवर लावले. तीन दिवस गेले, पण सहाही ओळखू आल्या, आणि चुकीपोटी हाताला काही लागलं ते असं.

मधचं पीक आधीच बारीक होतं, आता आणखी बारीक. काढा दोन्ही तापमानांना खूपच सुधारला, १,००० ला रुंदी पाचच्या खाली आली. जे अणू थोडे सरकले होते त्यांना उष्णतेने जुन्या जागा सापडल्या. शेवाळची गोष्ट वेगळी. त्याच्या १,००० वाल्या मुशीत काही कणांवर झिरकॉनचं पीक तर दिसलं, पण १४६ आणि २६० च्या जवळ नवी पिकं होती. ती झिरकॉनची नाहीत. ती चौकोनी बांधणीच्या झिरकोनियाची आहेत, म्हणजे नुसतं झिरकोनियम ऑक्साइड.

म्हणजे शेवाळ बरा होत नाहीये, फुटतोय. मांडणी अगदीच नाहीशी झालेली असली की तापवल्यावर झिरकोनियम एकीकडे ऑक्साइड होऊन बसतं, सिलिका दुसरीकडे काचेसारखी राहते. दोघांना पुन्हा एकत्र आणून झिरकॉन करायचा तर याहून बराच जास्त ताप लागतो. काढ्यामध्ये असं झालं नाही, कारण मोडलेल्या पुंजक्यांच्या आजूबाजूला धडका स्फटिक शिल्लक होता आणि अणूंना त्याला धरून रचलं जाता आलं. शेवाळला धरायला फारसं काही उरलं नव्हतं. मुशींवरची नावं शाबूत असती तर प्रत्येक नमुन्याची एकेक मोजणी करून मी पुढे गेले असते आणि ही पिकं नजरेतून सुटली असती.

नव्या मुशींवर कार्बाइडच्या टोकाने नावं कोरली.

२० फेब्रुवारी

तापवलेले नमुने पुन्हा एचएफमध्ये, तेच १८० अंश, तेच बारा तास. मधचं वजन जवळजवळ तेवढंच. काढा आता अगदी थोडा विरघळला, आधीच्या तुलनेत कितीतरी कमी. शेवाळच्या डबीत पांढरं पीठ उरलं. रामन म्हणतं झिरकोनिया. सिलिका आम्लाने नेली.

१९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी होती, तरी काका ओव्हन बंद करायला आले. नोंद करून ठेवते, कारण असल्या गोष्टी अहवालात येत नाहीत.

११ मार्च

आठवडाभर वाचन. हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही, याची जाणीव वाढतेय.

१९९५ मध्ये युइंग, लुट्झ आणि वेबर यांनी सुचवलं की अण्वस्त्रांतून निघालेलं प्लुटोनियम झिरकॉनमध्ये बंद करून पुरता येईल. तर्क सरळ होता: निसर्गात झिरकॉन युरेनियम धरून कोट्यवधी वर्षं टिकतो, मग प्लुटोनियम धरूनही टिकेल. आपल्याकडे उच्च पातळीचा अणुकचरा तुर्भे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंद करतात. काच मुळातच अस्फटिकी असते, तिच्यात दोष वेगळे, गुण वेगळे. स्फटिकी घराची कल्पना आकर्षक वाटते ती यामुळे, की काही अणूंना तिथे स्वतःची नेमकी जागा मिळते.

पण २००७ मध्ये फार्नन, चो आणि वेबर यांनी एनएमआरने (अणुकेंद्रकांच्या चुंबकी प्रतिसादावरून मोजणाऱ्या पद्धतीने) प्रत्यक्ष मोजलं की एका अल्फा-क्षयामागे सुमारे ५,००० अणू जागचे हलतात, आधी धरत होते त्याहून बरेच जास्त. दहा टक्के प्लुटोनियम-२३९ असलेला झिरकॉन त्यांच्या हिशोबाने सुमारे १,४०० वर्षांत पूर्ण मोडलेला असेल. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. म्हणजे कचऱ्याचा धोका संपायच्या किती आधी त्याचं घर शेवाळ होऊन जाणार!

याचा अर्थ झिरकॉन निकामी, असं मला म्हणायचं नाही. मोडलेला झिरकॉनही साध्या पाण्यात झपाट्याने विरघळत नाही. शिवाय पुरलेल्या जागी उष्णता पुरेशी असेल तर काढ्यासारखं थोडंफार बरं होणंही चालू राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की टिकाऊपणाचा आकडा मधवर मोजायचा आणि भरवसा शेवाळवर ठेवायचा, हे चालणार नाही. जे घर हजार वर्षांनी उरणार आहे, त्याच अवस्थेतल्या घराची परीक्षा घ्यायला हवी. मोडलेल्या झिरकॉनमध्ये पाण्यावाटे कॅल्शियम आणि लोह शिरतं, आतलं शिसं निसटतं. निसर्गातल्या जुन्या कणांत हे वारंवार दिसतं. शिसं निसटतं तिथे दुसरं काय काय निसटू शकेल, ते विचारायलाच हवं.

चेर्नोबिलबद्दलही वाचलं. अणुभट्टी वितळून झालेल्या लाव्ह्यात युरेनियमने भरलेल्या झिरकॉनचे स्फटिक सापडले, त्यांत युरेनियम दहा टक्क्यांपर्यंत. इंधनाच्या नळ्यांचं झिरकोनियम आणि आजूबाजूच्या बांधकामातली सिलिका एकत्र येऊन ते तयार झाले. प्रयोगशाळेत मुद्दाम करावं ते तिथे अपघातात, माणसांच्या जिवावर झालं.

३० मार्च

पाडव्याला घरी. सकाळी गुढी, दुपारी बाबांसोबत फाउंड्रीत. वॉशच्या पिठातले कण मी गेल्या महिन्यात रामनवर पाहिले होते, ते त्यांना सांगितलं. पंचवीस कण मोजले, प्रत्येकाची रुंदी वेगळी. कोणी तीन, कोणी नऊ, एकाची तर वीसच्या वर. हे पीठ किनाऱ्यावरच्या वाळूतून येतं. आपल्याकडे असा झिरकॉन केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या वाळूत सापडतो. रत्नागिरीची काळी वाळू बेसॉल्टमधून आलेली, इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची. तिच्यात झिरकॉन जेमतेम. किनाऱ्यावरची एक मूठ वाळू म्हणजे वेगवेगळ्या डोंगरांतून, वेगवेगळ्या काळांतून वाहत आलेले कण.

बाबांनी विचारलं, "मग वीसवाला कण साच्यात बिघडतो का?" मी म्हटलं, धातू ओतताना तो तापून उलट सुधारत असेल. ते हसले आणि पेटीतून आणखी चिमूटभर पीठ कागदात बांधून दिलं.

१० एप्रिल

आज जे पाहिलं त्यासाठीच पाच महिने घातले असं वाटतंय.

काढ्याचा एक काप इपॉक्सीत बसवून आरशासारखा घासला होता. कॅथोडोल्युमिनेसन्सखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर निघणाऱ्या उजेडात, त्यात वाढीच्या पट्ट्या दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, फक्त कोनदार. जिथे युरेनियम जास्त तिथे पट्टी काळसर, जिथे कमी तिथे उजळ. मधोमध एक काळसर गाभा. हा काप बंद डबीत एचएफच्या वाफेवर काही मिनिटं धरला, धुतला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

काळसर पट्ट्यांच्या जागी चर पडलेत. एकेक चर सरळ, नांगराच्या तासासारखा, आणि त्यांच्यामधल्या उजळ पट्ट्या बांधासारख्या उभ्या. काही चर दोन-तीन मायक्रोमीटर रुंद, काही त्याहूनही अरुंद. आणि गाभ्याभोवती, उजळ भागातच, बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या बारीक भेगा. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. भेगा मोडलेल्या भागात नाहीत, धडक्या भागात आहेत. गाभा किरणोत्सर्गाने फुगला, आणि त्याला वेढून बसलेला, न फुगलेला कठीण थर ताणला जाऊन तडकला. या भेगांतून आम्ल थेट गाभ्यापर्यंत पोचलंय, कारण त्यांच्या टोकाशी गाभा आतून पोखरलेला दिसतो. बाहेरचा थर स्वतः विरघळला नाही, पण त्याने वाट दिली.

मॅडमनी बराच वेळ प्रतिमा फिरवून पाहिली. "वजन घटलं किती, हे आता मागे पडलं," त्या म्हणाल्या. "चर आणि भेगा मोज. एका कापावर थांबू नकोस, निदान दहा काप कर."

मोडलेल्या पुंजक्यांची सलग वाट हिशोबात सांगितली होती, ती नॅनोमीटरच्या मापाची. इथे त्याहून हजारपट मोठ्या मापावर दुसरीच वाट दिसतेय, शेजारच्या फुगवट्याने धडक्या भागात पाडलेली. झिरकॉनच्या टिकाऊपणाबद्दल बोलायचं तर दोन्ही वाटा मोजाव्या लागणार.

१६ एप्रिल

दहापैकी चार काप घासून झाले. दोन इपॉक्सीतून निखळले, पुन्हा बसवावे लागतील.

मॅडमनी एचएफशिवायचा प्रयोगही आत्ताच लावायला सांगितलं, कारण त्याला वेळ लागतो. तिन्ही दगडांचे न तापवलेले कण आणि तापवलेला काढा, अशा चार डब्या, आत शुद्ध पाणी, ९० अंशांवर ठेवायच्या. दर महिन्याला थोडं पाणी काढून त्यात सिलिकॉन, युरेनियम आणि शिसं किती उतरलंय ते मोजायचं. पाण्यात काही उतरलंच तर ते एचएफच्या मानाने नगण्य असेल. पण जमिनीत पाणीच असतं.

काकांनी डब्यांच्या झाकणांवर लावायला स्टिकर आणून दिले होते. ते बाजूला ठेवले. सुईने चारही झाकणांवर नाव आणि आजची तारीख कोरली, झाकणं घट्ट केली, ओव्हन लावला. पहिलं पाणी १६ मेला काढायचं.